कोषातला किडा खाऊन वजन उतरतं का? (जालना, रेशीम, ९४ किलो)

तुतीचा पाला · ६ जुलै, रात्री १०:१२

रामराम मंडळी. गाव अंबड तालुक्यात. दोन एकर तुती आहे, वर्षाला कोषांच्या पाच बॅच निघतात. वजन ९४, उंची साडेपाच फूट. मागच्या महिन्यात डॉक्टरनं साखरेचा रिपोर्ट पाहिला, "काठावर आहात" म्हणलं, अन् दहा-बारा किलो उतरवा म्हणून सांगितलं. सांगायला काय लागतं.

परवा पुण्याहून भाचा आला. त्याला जिमचं वेड. बॅगेतून एक पुडा काढला अन् म्हणे, "मामा, ही क्रिकेट पावडर, रोज दोन चमचे." मला वाटलं खेळाडूंसाठी काहीतरी असेल. पुडा उलटा केला तर रातकिड्याचं चित्र! म्हणे साठ टक्के प्रोटीन, वर फायबर, भूक लागत नाही, वजन झरझर उतरतं. परदेशातून कुणी मित्रानं आणून दिलीय. किंमत सांगितली तशी माझी आई उठून आत गेली.

आता खरी गोष्ट. माझ्या शेडापासून दीड किलोमीटरवर ओळखीच्या माणसाचं रिलिंग युनिट आहे. कोष उकळून धागा काढला की उरतो तो किडा, आम्ही त्याला प्युपा म्हणतो. ओले कोष शंभर किलो धरले तर रेशमाची साल विसेक किलो, बाकी सगळा किडाच. तो जातो कोंबड्यांना अन् मासळीला. पावसाळ्यात त्या ढिगावरून वारं सुटलं की ताटावरून उठावं वाटतं. पण त्याच युनिटवर आसामचा एक कारागीर आहे, तो ताजे कोष कापून आतले किडे तव्यावर भाजतो अन् मीठ-मिरची लावून खातो. अंगानं काटक आहे. मी विचारलं, हे खाल्ल्यानंच का? तर हसला. म्हणे, दिवसाचे दहा तास उभा असतो, भैया.

म्हणजे भाचा ज्याला हजारो रुपये देऊ राहिला त्याचा चुलतभाऊ आमच्याकडं ढिगानं पडलेला आहे. मग वजनासाठी याचा खरंच उपयोग होतो का? टिंगल करा, पण उत्तरही द्या.

गोदाकाठचा · ६ जुलै, रात्री १०:३१

टिंगल आधी. आमच्याकडं हरभऱ्याच्या डाळीत हे प्रोटीन फुकट निघतं, बायको बसून निवडून फेकती. आता तिला सांगतो, थांब, फंक्शनल फूड आहे ते.

उत्तर शहाणी माणसं देतील.

बारबेल · ६ जुलै, रात्री ११:०५

मी मूळ बीडचा, आता पुण्यात. तो भाचा मीच असतो तर शोभलो असतो 😀

काका, हसण्यावारी नेऊ नका. जागतिक अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये मोठा अहवाल काढला होता. जगातले साधारण दोन अब्ज लोक कीटक खातात आणि १९०० च्या वर प्रजाती खाल्ल्या जातात, असं त्यात आहे. रातकिड्याला तेवढंच प्रथिन बनवायला गाईगुरांच्या मानानं सहापट कमी खाद्य लागतं. एकट्या थायलंडमध्ये रातकिडे पाळणारी वीसेक हजार फार्म आहेत. युरोपनं २०२१ मध्ये पिवळ्या मीलवर्मला (ही एका भुंगेऱ्याची अळी) मान्यता दिली, २०२२ मध्ये रातकिड्याला आणि त्याच्या पावडरीला. सिंगापूरनं २०२४ मध्ये एकदम सोळा प्रजातींना परवानगी दिली. नेदरलँड्समध्ये २०२१ साली २४ तरुणांवर प्रयोग झाला. व्यायामानंतर ३० ग्रॅम प्रथिन दिलं, निम्म्यांना मीलवर्मचं, निम्म्यांना दुधाचं. स्नायू बनण्याचा वेग दोन्हीकडं सारखा. म्हणजे प्रथिन म्हणून माल अस्सल आहे.

तुतीचा पाला · ७ जुलै, सकाळी ६:२०

@बारबेल स्नायूचं ठीक आहे. माझा प्रश्न पोटाचा आहे.

पथ्यपाणी · ७ जुलै, दुपारी ३:४८

मी लातूरला आहारसल्ल्याचं काम करते. दुपारची गर्दी ओसरलीय, म्हणून निवांत लिहिते.

फंक्शनल फूड म्हणजे पोट भरण्यापलीकडं अंगाला एखादा ठराविक उपयोग होणारं अन्न. आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे जवसाची चटणी. कीटकांना या रांगेत बसवतात ते दोन कारणांनी. एक, प्रथिन भरपूर, आणि प्रथिनानं पोट जास्त वेळ भरल्यासारखं राहतं. हे खरं आहे, पण ते अंड्यानंही होतं, मटकीच्या उसळीनंही होतं. दुसरं कारण कीटकांचं स्वतःचं: त्यांच्या कवचातलं कायटिन. ते तंतुमय असतं, आपल्याला पुरतं पचत नाही, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतं.

आता पुरावा. अमेरिकेत विस्कॉन्सिनला २०१८ मध्ये एक प्रयोग झाला. २० निरोगी माणसं, रोज २५ ग्रॅम रातकिड्याची पावडर, १४ दिवस. एका चांगल्या जिवाणूचं प्रमाण ५.७ पट वाढलं आणि सूज दाखवणारा एक घटक रक्तात कमी झाला. चांगली गोष्ट आहे. पण माणसं वीस, दिवस चौदा आणि वजन उतरवणं हा त्या प्रयोगाचा हेतूच नव्हता. जाहिरातीत मात्र हाच प्रयोग "वजन नियंत्रण" म्हणून फिरतोय.

वजनाचं जे बोललं जातं ते मुख्यतः उंदरांवरून आलंय. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं काम मला फार आवडलं. उंदरांना तुपकट खाणं आणि सोबत कायटिन दिलं. कायटिननं जठर ताणलं गेलं, तिथल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या झाल्या, आणि त्या जठरात कायटिन पचवणारं एक एन्झाइम वाढलं. मग असे उंदीर घेतले ज्यांच्यात ते एन्झाइमच बनत नाही. त्यांना कायटिन पचेना, आणि त्यांचं वजन सगळ्यांत कमी वाढलं. लक्षात घ्या, "कमी वाढलं", "उतरलं" नव्हे. शिवाय फायदा कुणाला, तर ज्याला ते पचत नाही त्याला. ते एन्झाइम माणसाच्या जठरातही असतं.

कायटिनचीच बहीण म्हणजे कायटोसान. झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून करतात आणि "चरबी शोषून घेतं" म्हणून कॅप्सूलमध्ये विकतात. माझ्याकडं येणाऱ्या एका ताईंनी सहा महिने घेतल्या. महिन्याला किराण्याइतका खर्च. वजन हललं नाही, बद्धकोष्ठ मात्र झालं. कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २००८ मध्ये १५ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. ज्या चाचण्या नीट केलेल्या होत्या त्यांत फरक इतका किरकोळ होता की त्याला वजन उतरणं म्हणायची सोय नाही.

आता तुमचा प्युपा. वाळवलेल्या प्युपात प्रथिन निम्म्याच्या आसपास आणि तेल पाव भाग ते तीस टक्के. तेल चांगलं आहे, जवसात असतं ते ओमेगा-३ त्यात बरंच असतं. पण तेल ते तेल, ग्रॅमला नऊ कॅलरी. ताज्या प्युपात पाणीच तीन-चतुर्थांश, म्हणून शंभर ग्रॅम ताजे खाल्ले तर प्रथिन दोन-अडीच अंड्यांइतकं मिळेल. शंभर ग्रॅम म्हणजे सत्तर-ऐंशी किडे होतील, दादा. मोजून बघा मनातल्या मनात.

एक गोष्ट तुमच्या साखरेशी जोडलेली आहे. तुतीच्या पाल्यात डीएनजे नावाचा घटक असतो. पिष्टाची साखर करणाऱ्या एन्झाइमला तो अडवतो, म्हणून जेवणानंतरची साखर हळू चढते. मधुमेहाची काही औषधं याच वाटेनं काम करतात. अळी पाला खाते तसा तो तिच्या अंगात साठतो, आणि कोरियात पाचव्या, म्हणजे कोषाआधीच्या शेवटच्या अवस्थेतल्या अळीची पावडर करून खातात ती याचसाठी. पण हे अळीचं. कोष झाल्यावर आतल्या किड्यात ते फारसं उरत नाही. म्हणजे तुम्ही जे खायला निघालात त्यात ते नाही, आणि ज्यात आहे ते तुम्ही रोज टोपल्यानं अळ्यांपुढं टाकता.

गोदाकाठचा · ७ जुलै, दुपारी ४:१०

ताई, एवढं वाचून मला भूक लागली. आता मीच कायटिन.

लेबलवाचक · ७ जुलै, रात्री ९:२६

संभाजीनगरला खाद्यप्रक्रिया उद्योगात आहे. वरच्या सविस्तर उत्तरात दोन भर.

भाच्याच्या पुड्यावरचे "६० टक्के". प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. गव्हाला, दुधाला थोड्याफार फरकानं हे चालून जातं. पण कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, आणि ते काही प्रथिन नव्हे. म्हणून डच संशोधकांनी २०१७ मध्ये अख्ख्या कीटकासाठी ४.७६ हा गुणक सुचवला. त्या हिशेबानं ६० चे ४६ च्या आसपास होतात. वाईट नाही, पण साठही नाही.

दुसरं म्हणजे कायदा. आपल्याकडं ज्या पदार्थाचं मानक ठरलेलं नाही, तो बाजारात आणायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची आधी मंजुरी घ्यावी लागते. २०१७ चे नियम आहेत तसे. त्यामुळं "रेशीम प्रोटीन लाडू" करून विकायचा विचार डोक्यात येत असेल (मला माहितेय, येणार!) तर आधी कागदपत्रं.

रिलिंग युनिटच्या ढिगातला किडा तर खाऊच नका. तो पशुखाद्याचा माल आहे, अन्नाचा नाही. उकळलेला ओला प्रथिनांचा ढीग पावसाळ्यात चार तास पडला की त्यात काय वाढतं हे वेगळं सांगायला नको, तुम्हीच वास सांगितलाय.

तुळशीमाळ · ८ जुलै, सकाळी ५:५०

रामकृष्ण हरी. आषाढीची पायी वारी नुकतीच झाली, अजून पाय दुखायलेत, तेवढ्यात हा धागा दिसला. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही, पण जिवंत जीव उकळत्या पाण्यात घालून धागा काढायचा हेच मनाला लागतं. आता वर तो खायचाही? पृथ्वीवर ज्वारी संपली का?

तुतीचा पाला · ८ जुलै, सकाळी ६:३५

माउली, आमची आईही माळकरी आहे. शेडात येते, पाला टाकते, पण कोष काढायच्या दिवशी बहिणीकडं जाते. पाच वर्षं झाली, एकदाही चुकली नाही. मला बोलत नाही काही. कापसानं दोनदा बुडवलं, २०१७ च्या बोंडअळीत तर वेचणीचा खर्चही निघाला नाही. मग तुती लावली. आधी कोष घेऊन रात्रभर टेम्पोनं कर्नाटकात रामनगरला जायचो, आता जालन्यातच बाजार भरतो. पोरीचं शिक्षण त्या किड्यावर चालू आहे. हे समर्थन नाही, नुसतं सांगितलं.

किनवटकर · ८ जुलै, दुपारी १:१५

अहिंसेवरून आठवलं. शहरातल्या दुकानांत "अहिंसा रेशीम" म्हणून जे मिळतं ते बरंचसं एरी जातीच्या किड्याचं. एरीच्या कोषाला एका टोकाला तोंड उघडं असतं, किडा न मारता कोष रिकामा करता येतो, म्हणून ते नाव. आणि आसामात काय करतात? एरीचा किडा हीच खरी चीज, त्याला भाव, आणि रिकामा कोष कातायला उरतो. कित्येक घरांत किडा खाण्यासाठी पाळतात आणि रेशीम वरकमाई! एरी हे नावही एरंडावरून, ती अळी एरंडाचा पाला खाते. आपल्या बांधावर एरंड काय कमी आहे.

मी सहा वर्षं गडचिरोलीत नोकरी केली, आता किनवटला. तिकडून बस्तरच्या बाजारात गेलं की पानाच्या द्रोणात लाल मुंग्या अंड्यांसकट मांडलेल्या असतात, चापडा म्हणतात. मीठ, मिरची, लसूण घालून पाट्यावर वाटायचं. पहिल्या घासाला चिंच-लिंबाच्या मधला आंबटपणा टाळूला चढतो आणि मागून मिरची. मला दुसऱ्या दिवशी परत हवी होती. ओडिशातल्या मयूरभंजच्या मुंग्यांच्या 'काई' चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या सीमेपलीकडं आदिलाबादेत पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती येणारी पंखवाली वाळवी पाण्याच्या परातीत धरून भाजून खाणारी घरं आहेत.

यातलं कुणी वजन कमी करायला खात नाही. चव असते, हंगाम असतो, पोरांना मजा असते. मुंगीची चटणी भातासोबत चिमूटभर लागते. ते ताटातून उचलायचं, पावडर करायचं, पुड्यात भरायचं आणि "सुपरफूड" म्हणायचं, मग आपण ते घेणार! आणि ज्यांच्या घरचं ते आहे त्यांना "किडे खाणारे" म्हणून हसणार. वर एक प्रतिसाद होता, तो आता दिसत नाही. बरं झालं.

संपादक · ८ जुलै, दुपारी १:४०

आदिवासी व ईशान्येकडील लोकांबद्दलचा एक प्रतिसाद काढला आहे. थट्टा स्वतःची करा, इतरांच्या ताटाची नको.

हिमरू · ८ जुलै, रात्री ११:१८

अस्सलाम, सगळ्यांना नमस्कार. शहागंजात दुकान आहे, हिमरूच्या शालींचं, म्हणून रेशमाशी आमचंही नातं 🙂

आमच्यात टोळ हलाल आहे. मासा आणि टोळ, या दोन्हींना जिबह (विधीनं गळा कापणं) लागत नाही. दादाजी सांगायचे, त्यांच्या लहानपणी टोळधाड आली की काही लोक भाजून खायचे. २०२० साली विदर्भात टोळ आली तेव्हा घरात विषय निघाला. अब्बा म्हणाले, आताच्या टोळीवर फवारा मारलेला असतो, खाल्ली तर आपणच पडू.

पण मी लिहितोय ते वेगळ्या कारणानं. माझ्या चुलतभावाला झिंगा चालत नाही, ओठ सुजतात. हे घरात सगळ्यांना माहीत. तो धंद्याच्या कामानं बँकॉकला गेला, रात्रीच्या बाजारात मित्रांच्या नादानं तळलेले रातकिडे खाल्ले. मूठभरच. वीस मिनिटांत गळ्याशी खाज, डोळे बंद व्हायला लागले, श्वास शिटीसारखा. हॉटेलवाल्यानं टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. डॉक्टरनं पहिला प्रश्न हाच विचारला: झिंगा खाता का?

पथ्यपाणी · ९ जुलै, सकाळी ८:०२

@हिमरू भाऊ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत, मी परवा विसरलेच होते. झिंगे, खेकडे आणि कीटक हे एकाच मोठ्या गोतावळ्यातले, सगळेच सांधेपायी. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन सगळ्यांत जवळपास सारखं असतं आणि अ‍ॅलर्जी त्याचीच येते. घरातल्या धुळीत जे बारीक माइट असतात त्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनीही जपायला हवं. चीनमध्ये रेशमाचे प्युपे सर्रास खातात, आणि तिथल्या डॉक्टरांचा अंदाज होता की दरवर्षी हजाराच्या वर लोकांना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी होते.

तुतीचा पाला दादा, तुम्ही तर दिवसभर अळ्यांत असता. शेडात शिंका, दमा, अंगाला खाज, असं काही होतं का? होत असेल तर एक किडाही तोंडात घालू नका. आणि युरिक अ‍ॅसिड तपासलंय का? अशा खाण्यानं ते वाढू शकतं.

तुतीचा पाला · ९ जुलै, रात्री ९:४४

ताई, चंद्रिकेवरून (अळ्या कोष विणतात त्या जाळीवरून) कोष काढताना शिंका येतात, पण त्या सगळ्यांनाच येतात, धूळ असती. झिंगा जालन्यात कुठला? एकदा मुंबईत खाल्ला होता, काही झालं नाही. युरिक अ‍ॅसिड वरच्या टोकाला आहे, अजून बाहेर नाही.

माळवं · १० जुलै, सकाळी १०:३०

मी परभणीची, शाळेतून निवृत्त झालेली. तुमची सगळी चर्चा वाचली. एक विचारते, रागावू नका हं तुतीवाले भाऊ. नव्वद प्रतिसाद होतील अशा बेतानं किड्यावर बोलायलात, पण तुम्ही दिवसभर खाता काय हे कुणी विचारलंच नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाचवीत होते. शाळेत सुकडी मिळायची आणि घरी मिलो, ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिच्यात सोंडे असायचे. आई चाळून चाळून थकायची, मग तशीच दळायची. त्या भाकरीसोबत आम्ही किती किडे खाल्ले याचा हिशोब नाही, पण गावात एकही माणूस जाड नव्हता. ते किड्यामुळं नव्हे. वडील बंडिंगच्या कामावर दिवसभर खडी फोडायचे.

खरं खरं लिहा बरं, काल उठल्यापासून काय काय पोटात गेलं.

तुतीचा पाला · १० जुलै, रात्री १०:५६

मावशी, तुम्ही पकडलंच. कालचं लिहितो, लपवत नाही.

पहाटे पाचला चहा, मग पाला टाकून सातला परत चहा, दोन बटर. नऊला पोहे, वर शेव, अन् चहा. अकराला शेडात कुणीतरी आलं, चहा. दुपारी दोन भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. भात थोडा. चारला चहा, भावानं मिसळ आणलेली, पाव तीन. सहाला चहा. रात्रीचा पाला टाकायला दहा वाजतात, मग जेवण अकराला: तीन चपात्या, बटाट्याची भाजी, वरण-भात, अन् आंब्याचा शेवटचा रस होता. चहा एकूण सहा, साखर प्रत्येकी दोन चमचे.

लिहिताना मलाच लाज वाटली. किड्याचा प्रश्न बाजूलाच राहिला.

आधी मी शेडात स्वतः पाला टाकायचो, आता दोन माणसं लावलीत अन् मी खुर्चीवर. वजन वाढलं ते तेव्हापासूनच, हेही लिहूनच टाकतो.

गोदाकाठचा · १० जुलै, रात्री ११:०९

बारा चमचे साखर. दादा, तुम्ही अळी असता तर आत्तापर्यंत कोष झाला असता.

आता एक गंभीर. मी गंगाखेडचा, घरी सोयाबीन. २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता, अन् आमच्यातल्या कित्येकांना तेवढाही मिळाला नाही. म्हणजे किलोला पन्नास रुपयेही नाहीत. त्या किलोत ३६० ग्रॅमच्या वर प्रोटीन! दारात पोती पडलेली, अन् आपण रातकिड्याच्या पुड्याची किंमत विचारायलाव. कुणीतरी सोयाबीनच्या पुड्यावरही एखाद्या किड्याचं चित्र छापा, मग खपेल.

बारबेल · ११ जुलै, सकाळी ७:३०

@गोदाकाठचा मान्य, पण सोयाबीन नीट शिजवूनच खायचं, कच्च्यात प्रथिन पचू न देणारे घटक असतात. आणि कीटकांतून जे बी-१२, लोह, जस्त मिळतं ते सोयाबीनमधून तसं मिळत नाही. मी काही पूर्ण माघार घेत नाहीये.

पथ्यपाणी · ११ जुलै, दुपारी २:२०

घेऊही नका. प्रथिनाचा स्रोत म्हणून कीटक चांगले आहेत, हे मी आधीच म्हटलंय. माझं भांडण पुड्यावरच्या "वजन उतरतं" शी आहे. पावडर कशाच्या ऐवजी खाताय त्यावर सगळं. काकांनी चारच्या मिसळ-पावाऐवजी खाल्ली तर उतरेल, आणि मिसळीनंतर खाल्ली तर वाढेल. त्या जागी भाजलेले फुटाणे खाल्ले तरी तेच गणित.

दादा, तुमच्यासाठी पाच-सहा गोष्टी सांगत नाही, दोनच. चहा सहावरून तीन आणि साखर अर्धा चमचा. आणि रात्रीचं जेवण पाला टाकायच्या आधी, आठला. दहानंतर भूक लागलीच तर हुलग्याचं माडगं. उरलेलं पंधरा दिवसांनी बोलू. आणि एका माणसाचं काम परत स्वतःकडं घ्या, जमलं तर.

लेबलवाचक · ११ जुलै, सायंकाळी ६:०५

@तुळशीमाळ माउली, तुमच्यासाठी जाता जाता. गोळ्या-चॉकलेटच्या पाकिटावर १२० क्रमांकाचा लाल रंग दिसला तर तो कोचिनियल किड्यापासूनचा. ९०४ म्हणजे लाखेची चकाकी, तीही किड्याचीच. घेताना पाकीट उलटं करून बघत जा.

तुळशीमाळ · ११ जुलै, सायंकाळी ७:४०

अरे देवा. नातवाच्या गोळ्यांचं पाकीट आत्ता बघितलं. आता त्याला काय सांगू?

तुतीचा पाला · २८ जुलै, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा येतोय. बॅच काढणीला होती.

आधी वजन. ९४ चं ९२.३ झालं. किड्यानं नाही. चहा तीन वर आला, साखर अर्धा चमचा. पहिले चार दिवस डोकं दुखलं. एक माणूस कमी केला अन् सकाळचा पाला मी टाकू राहिलो. पाचव्या अवस्थेत अळी पूर्ण बॅचच्या पाल्यातला ऐंशी टक्के पाला खाते, त्यामुळं शेवटचा आठवडा म्हणजे फांद्यांचे भारे अन् मी. रात्री आठला जेवतो. दहाला माडगं, आईच करून देती.

आता किडा. खाल्ला. न खाता धागा बंद केला असता तर तुम्ही सोडलं नसतं.

युनिटच्या ढिगातला नाही. शेडात आमची ब्लिचिंग अन् चुन्याची धूळवणी असती, ती कोषांना लागलेली नाही ना तेही पाहिलं. आसामच्या कारागिरानं माझ्याच ओल्या कोषांतले चांगले वीस निवडले, वरची भुसकट लव काढली अन् ब्लेडनं टोक छाटलं. आत किडा तपकिरी, मऊ, खजुराच्या बीएवढा, बोट लावलं की शेपटीकडून वळवळतो. शेजारी त्यानंच टाकलेली अळीची वाळकी कात, चुरगळलेली. रोज हजारो कोष हाताळतो मी, पण आत एवढ्या जवळून पाच वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. दोनदा पाण्यातून काढले, उकळले, मग लोखंडी कढईत मीठ-हळद टाकून कोरडे होईपर्यंत परतले. फुटतात, तडतडतात, दूर उभं राहा.

ताईंनी अ‍ॅलर्जीचं सांगितलं होतं म्हणून पहिल्या दिवशी अर्धाच खाल्ला अन् तासभर वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तीन. चव उकडलेल्या शेंगदाण्याची, आतलं लोण्यासारखं, अन् गिळल्यावर मागून तुतीच्या पाल्याचा वास येतो. तो वास मला ओळखीचा म्हणून बरा वाटला. बायकोनं एक तोंडात घातला अन् बाहेर जाऊन थुंकला. पोरीनं चार खाल्ले, वर मोबाईलवर फोटो टाकला. आता गावात आमचं नाव काय पडलंय ते इथं लिहीत नाही.

परत खाईन का? सणासुदीला, कारागीर बोलावेल तेव्हा, चवीला. रोज सत्तर मोजून खाणं आपल्याच्यानं होणार नाही. भाच्याला फोन करून सांगितलं, तर म्हणे मामा, तुम्ही पावडर करा, मी इथं विकतो. लेबलवाचक भाऊंचा प्रतिसाद त्याला पाठवून दिला.

माळवं · २८ जुलै, रात्री ९:५०

पावणेदोन किलो! शाब्बास. आणि आई काय म्हणाल्या?

तुतीचा पाला · २८ जुलै, रात्री १०:२२

काही नाही म्हणाली मावशी. काढणीच्या दिवशी गेली होती ती बहिणीकडून परत आली, कढई हुंगली, अन् विहिरीवर नेऊन राखेनं दोनदा घासली. मग चुलीकडं न नेता शेडात आणून चुन्याच्या पोत्यावर उपडी ठेवली. अजून तिथंच आहे. उद्या चॉकी, म्हणजे बाळ-अळ्या येणार आहेत, दोनशे अंडीपुंजांच्या. पोतं तर लागणारच.